वीरांगना, बांगला देशातील

बांगला देशाच्या मुक्तियुद्धात (मार्च–डिसेंबर १९७१) पाकिस्तानी सैन्य व त्याचे स्थानिक साहाय्यक यांच्या लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांना बांगला देशाच्या शासनाने दिलेली गौरवपर संज्ञा. युद्धातील बलात्कारांविषयी विजेते व पराभूत दोघेही सामान्यतः मौन पाळतात. येथे मात्र युद्ध संपल्यावर आठवड्याच्या आतच, २२ डिसेंबर १९७१ रोजी, नव्या शासनाने अत्याचारांची उघड दखल घेऊन या स्त्रियांचा सन्मान घोषित केला. या दृष्टीने ही घटना अपूर्व होय. तथापि गौरव आणि पुनर्वसन या दोन्हींची आखणी होताना त्या स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे क्वचितच विचारात घेतले गेले.

अत्याचार व त्यांची व्याप्ती : २५ मार्च १९७१ च्या रात्री डाक्क्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि पुढील नऊ महिन्यांत ती खेडोपाडी पसरली. गावांवरील धाडींत घरातील माणसांच्या देखत बलात्कार झाले. काही स्त्रियांना छावण्यांत आणि खंदकांत महिनोन्‌महिने डांबून ठेवण्यात आले. रझाकार, अल्‌-बद्र इ. निमलष्करी संघटनांनी वाटाड्यांचे व स्त्रियांना पकडून देण्याचे काम केले. बळींची संख्या बांगला देशाने २ लाख सांगितली. काहींच्या मते ती ४ लाखांपर्यंत असावी. पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाने २ लाखांचा आकडा अमान्य केला. पद्धतशीर नोंदच झालेली नसल्यामुळे हा वाद निर्णायकपणे मिटण्यासारखा नाही. परंतु अत्याचार फार मोठ्या प्रमाणावर झाले, याविषयी पुरावा विपुल आहे.

या काळी आंतरराष्ट्रीय कायद्यात बलात्काराला स्वतंत्र गुन्हा म्हणून फारसे स्थान नव्हते. चौथ्या जिनीव्हा करारात (१९४९) त्याची मनाई होती. पण २७ व्या अनुच्छेदाने त्याची गणना स्त्रीच्या अब्रूवरील आघातांत केली होती. शरीराला व मनाला झालेल्या इजेपेक्षा अब्रूला महत्त्व देणारी हीच दृष्टी बांगला देशातील पुढील उपाययोजनेतही आढळते.

पुनर्वसन : फेब्रुवारी १९७२ मध्ये स्त्रियांच्या पुनर्वसनासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. न्यायमूर्ती के. एम. सोभान हे त्याचे अध्यक्ष होते. कवयित्री सूफिया कमाल यांच्यासारख्या समाजकार्यकर्त्या या कार्यात अग्रभागी होत्या. सर्वांत निकडीचा प्रश्न लादलेल्या गर्भधारणेचा होता. १८६० च्या दंडसंहितेनुसार गर्भपात हा गुन्हा असूनही युद्धपीडित स्त्रियांपुरता तो निर्बंध शासनाने शिथिल केला. ऑस्ट्रेलियन डॉक्टर जेफ्री डेव्हिस व इतर परदेशी वैद्यकांनी स्थानिक डॉक्टरांना साहाय्य केले. दिवस भरत आलेल्या स्त्रियांची प्रसूती झाल्यावर मुले बहुधा परदेशी दत्तक दिली जात. त्यासाठी १९७२ मध्ये खास आदेश काढण्यात आला आणि मदर तेरेसा यांच्या संस्थेने मध्यस्थी केली. जुलै १९७२ मध्ये अशी १५ मुले कॅनडास गेली. काही मातांना मूल जवळ ठेवावयाचे होते. पण परक्या सैनिकाचे बीज देशात नको, अशी भावना प्रबळ होती. ही मुले देशात राहू नयेत, अशीच शेख मुजीबुर रहमान यांची भूमिका असल्याचे नीलिमा इब्राहीम यांनी नमूद केले आहे.

शिवण, विणकाम, टंकलेखन यांचे शिक्षण देऊन अनेकींना स्वावलंबी करण्यात आले आणि १९७२ मध्ये शासकीय नोकऱ्यांत युद्धपीडित स्त्रियांसाठी १० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. हे काम थोड्या साधनांत, उद्ध्वस्त देशात झाले, हे विसरता येत नाही. मात्र राखीव जागेवर हक्क सांगणे म्हणजे स्वतःची ओळख उघड करणे होते. तरुणांनी या स्त्रियांशी विवाह करावेत, या आवाहनाचे फलित तर काहीसे विदारक ठरले. पुढे आलेल्या वरांच्या मागण्या जपानी मोटारीपासून स्वतःच्या अप्रकाशित कविता छापून देण्यापर्यंत होत्या, असे एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने सूझन ब्राउनमिलर या अमेरिकन लेखिकेने १९७५ मध्ये नोंदविले आहे.

संज्ञेचे भवितव्य : वीरांगना या शब्दालाही अपेक्षित मान लाभला नाही. बंगालीत, मराठीप्रमाणेच, ‘वीरांगना’ आणि ‘वारांगना’ यांत एका स्वराचाच फरक आहे, आणि कुत्सित लोकांनी त्याचा लाभ घेतला. आणखी एक मर्यादा म्हणजे ही संज्ञा बंगाली स्त्रियांपुरतीच राहिली. त्याच वर्षी बंगाली सशस्त्र गटांच्या अत्याचारांना बळी पडलेल्या उर्दूभाषक बिहारी स्त्रियांना तीत स्थान नव्हते; यास्मिन सैकिया यांच्या संशोधनामुळे (२०११) त्यांच्या हकिकती पुढे आल्या.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मुजीबुर रहमान यांची हत्या झाल्यावर हा विषय सार्वजनिक चर्चेतून बराचसा मागे पडला. १९९० नंतर युद्धगुन्हेगारांवरील खटल्यांच्या मागणीबरोबर तो पुन्हा पुढे आला. २६ मार्च १९९२ रोजी जहानारा इमाम यांच्या पुढाकाराने डाक्क्यात भरलेल्या ‘गण-अदालती’साठी कुश्तिया जिल्ह्यातील तीन गरीब स्त्रियांना आणण्यात आले. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. गावात १९७१ ची घटना पूर्वीपासून ठाऊक होती आणि पतींसह त्यांचे संसारही चालू होते. उघड वाच्यता तेवढी टाळली जात असे. छायाचित्रांनंतर मात्र टोमणे व कुचंबणा त्यांच्या वाट्याला आली. मानवशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी यांनी या स्त्रियांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात (२०१५) असे दाखविले, की मौन हे नेहमीच दडपणाचे लक्षण नसते. ते पीडितेने शोधलेले संरक्षणही असू शकते. साक्ष कोणी, कशी व कोणाच्या संमतीने घ्यावी, हा प्रश्न यातून पुढे आला. नीलिमा इब्राहीम यांच्या आमि बीरांगना बोलछि (१९९४) या संग्रहात स्त्रियांची खरी नावे दिलेली नाहीत. याउलट शिल्पकार फेरदौसी प्रियभाषिणी (१९४७–२०१८) यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या नावानिशी आपला अनुभव जाहीर केला.

न्याय व मान्यता : १९७३ च्या आंतरराष्ट्रीय गुन्हे (न्यायाधिकरणे) अधिनियमाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत बलात्काराचा स्पष्ट उल्लेख केला होता. संयुक्त राष्ट्रांनी यूगोस्लाव्हिया व रूआंडा यांसाठी न्यायाधिकरणे नेमण्याच्या सु. दोन दशके आधीची ही गोष्ट होय. परंतु एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारानुसार आरोप असलेले १९५ पाकिस्तानी युद्धकैदी खटल्याविना मायदेशी परतले, आणि न्यायाधिकरण प्रत्यक्षात २०१० मध्येच स्थापन झाले. त्याच्यापुढे केवळ स्थानिक आरोपीच आले. त्याच्या कार्यपद्धतीवर व मृत्युदंडांवर आंतरराष्ट्रीय टीकाही झाली. सय्यद मोहम्मद कैसर यांच्या खटल्यात (डिसेंबर २०१४) युद्धकाळातील बलात्कारातून जन्मलेल्या एका मुलीने साक्ष दिली, आणि पीडित स्त्रिया व अशी मुले यांच्या भरपाईचा प्रश्न न्यायाधिकरणाने निकालपत्रात उपस्थित केला.

२०१५ पासून वीरांगनांना ‘मुक्तियोद्धा’ हा दर्जा व त्याबरोबरचा मासिक भत्ता राजपत्राद्वारे देण्यात येऊ लागला. चारशेहून अधिक स्त्रियांना त्याचा लाभ झाला. अर्जाची छाननी स्थानिक समितीमार्फत होई. त्यामुळे सत्तरीच्या आसपास पोचलेल्या स्त्रियांना चार दशकांपूर्वीच्या घटनेचे साक्षीदार आपल्याच गावातून मिळवून समितीपुढे उभे करावे लागले.