प्लगच्या रंगापासून इंधनाच्या तक्त्यापर्यंत

इंजिनाच्या प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक भाराला किती इंधन द्यायचे, हे ठरवण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात. या कामाला दोन अंगे आहेत. इंजिन चालताना काय घडते याची नोंद घेणे हे पहिले, आणि त्या नोंदीवरून इंधन कमीजास्त करणे हे दुसरे. वऱ्हाडात वाफेच्या इंजिनापासून आजच्या दुचाकीपर्यंत ही दोन्ही अंगे टिकून आहेत. बदलली ती नोंदीची साधने आणि इंधन आवरणारे हात.

वऱ्हाडात इंजिन आले ते कापसामागोमाग. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडला भारतीय कापसाची गरज भासली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोहोचली. या मार्गालगतच्या गावांत वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या उभ्या राहिल्या. कपाशीच्या काळ्या जमिनीवर वसलेला नांदगाव खंडेश्वरचा परिसर बडनेऱ्यापासून जवळ आहे.

वाफेच्या इंजिनाची नोंद घेण्याचे साधन त्याआधीच निघालेले होते. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये इंडिकेटर या उपकरणाला सरकती पाटी जोडली. दट्ट्या पुढेमागे होई तशी पाटी सरके, सिलिंडरमधील दाब वाढे-घटे तशी पेन्सिल वरखाली होई आणि कागदावर एक बंद आकृती उमटे. आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत झालेले काम. वाफ उशिरा शिरत असेल किंवा झडप गळत असेल, तर ते आकृतीच्या आकारावरूनच कळे. इंजिनाच्या आतल्या घडामोडीची आपोआप होणारी नोंद इथून सुरू झाली. रोजच्या कामात मात्र कोळसा किती टाकायचा हे भट्टीपुढचा माणूस नजरेने आणि आवाजाने ठरवी. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ गाडीला १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन होते. ते १९९४ पर्यंत चालले, म्हणजे वऱ्हाडात ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पाहायला मिळत होती.

तेलावर चालणारे इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत आले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. पंप ठरावीक मापाचे डिझेल दाबाने नोझलपर्यंत पोहोचवतो आणि नोझल त्याचा फवारा मारते. इंजिनाचा वेग पडला की गव्हर्नर पंपाची दांडी सरकवून डिझेल वाढवतो. मिस्त्रीला मिळणारी नोंद धुराच्या रंगात असे. धूर काळा आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे.

पंप-नोझलची दुरुस्ती हा पुढे स्वतंत्र धंदा झाला. नोझल हातपंपाला लावून ती किती दाबाला उघडते आणि फवारा कसा पडतो, हे पाहतात. पंप टेस्ट बेंचवर चढवून ठरलेल्या वेगाने फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचे डिझेल खुणा केलेल्या काचेच्या नळ्यांत जमवतात. नळ्यांतील पातळी सारखी झाली की पंप बसला. वेगवेगळ्या वेगांना मोजलेल्या या आकड्यांचा कागद म्हणजे इंधनाचा तक्ताच. तो संगणकात नव्हता, पंपाच्या कॅम, दांडी आणि स्प्रिंगमध्ये होता.

पेट्रोलच्या गाड्यांत हेच काम कार्बोरेटर करी. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आवळायचा, मग दीडएक फेरा सैल करायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकत पुढेमागे करायचा, ही मेकॅनिकची नेहमीची रीत. गाडी काही अंतर पळवून प्लग काढला की निकाल हाती येई. प्लग बदामी असेल तर मिश्रण बरोबर, काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. या पद्धतीला मर्यादा होती. प्लगचा रंग हा सगळ्या प्रवासाचा गोषवारा असे. चढावर, भर वेगात किंवा रेस सोडल्यावर त्या-त्या क्षणी काय झाले, हे तो सांगत नसे.

ही उणीव इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने भरून काढली. बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली. धुरातील ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोने वापरला आणि इंधन व ठिणगी एकाच संगणकाकडे सोपवणारी मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत बसली. भारतात या बदलाला रेटा दिला तो प्रदूषणाच्या नियमांनी. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. २००० मध्ये युरोपच्या धर्तीवरील मानके देशभर लागू झाली. हीरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये, तर पुण्याच्या बजाज ऑटोची इंजेक्शनवाली पल्सर २२० त्यानंतरच्या वर्षी बाजारात आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला.

इंजेक्शनच्या इंजिनात इंधनाचा हिशेब एका चौकटीत मांडलेला असतो. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत हवेचा दाब किंवा थ्रॉटलची उघडझाप, आणि प्रत्येक घरात एक आकडा. अशा अनेक तक्त्यांत हा आकडा सिलिंडर किती टक्के हवेने भरतो हे सांगतो. संगणक त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे काढतो. कंपनीच्या गाडीत हा तक्ता कुलूपबंद असतो. २००१ मध्ये ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्विर्टने कमी खर्चात स्वतः जुळवता येणारा नियंत्रक दिला. ट्यूनरस्टुडिओ आणि मेगालॉगव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमुळे त्याचा तक्ता लॅपटॉपवर उघडता आला.

कामाचा क्रम जुन्या मिस्त्रीचाच आहे. गाडी आधी पळवायची. त्या वेळात फेरे, दाब, तापमान आणि धुरावरून काढलेले हवा-इंधन प्रमाण सेकंदाला अनेकदा नोंदले जाते. मग इंजिन थंड असतानाच्या आणि रेस एकदम दिल्या-सोडल्याच्या नोंदी वगळायच्या, कारण सेन्सर तेव्हा मागे पडतो. उरलेल्या नोंदी ज्या-त्या घरात वाटायच्या. घरातला आकडा ६० असेल, हवे असलेले प्रमाण १४ आणि मिळालेले १५.४ असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. ६० ला १५.४ ने गुणून १४ ने भागायचे. नवा आकडा ६६. शेजारच्या घरांशी तो जुळवून घ्यायचा, नाहीतर गाडी गचके देते. त्यानंतर पुन्हा नोंद घ्यायची. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरणाऱ्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना हे करावेच लागते. नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या तोंडातून घ्यावी लागते, आणि त्यामुळे गाडीत बसवलेल्या दुचाकीच्या इंजिनाचा मूळ तक्ता निरुपयोगी ठरतो.

रस्त्यावरच्या गाडीला ही मोकळीक नाही. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. तक्ता बदलला की प्रदूषणाचा दाखलाही धोक्यात येतो. दुसरीकडे इंधनच बदलते आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ नऊ पट. म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. लॅम्डा सेन्सर असलेली गाडी ही दुरुस्ती बहुतेक वेळा आपणच करते. जुन्या कार्बोरेटरला जेट बदलल्याशिवाय ती जमत नाही.

शेतीत मात्र बदलाचा वेग निराळा आहे. ट्रॅक्टरांसाठी धुराचे कडक मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, पण ते ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. शेतकऱ्यांकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. म्हणून नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यात आज दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. दुचाकीचे दुखणे स्कॅनरच्या पडद्यावर वाचले जाते, तर ट्रॅक्टरचा पंप अजूनही बेंचवर चढतो आणि त्याचे डिझेल काचेच्या नळीतच मोजले जाते.