कर्णा

मराठवाड्यातल्या उमरीत लग्नसराई सुरू झाली की मांडवाच्या खांबावर पसरट तोंडाचा कर्णा चढतो. कानाचा संबंध म्हणून हा शब्द संस्कृत 'कर्ण'वरून आला असेल, असे सहज वाटते. पण तो फारसी 'कर्ना', म्हणजे लांबलचक रणशिंग. उझबेक-ताजिक लग्नांत 'कर्नाय' आजही फुंकतात. उमरी १९४८ पर्यंत निजामी मुलखात होती, म्हणून शब्द तिथलाच असे मात्र नाही. मराठ्यांच्या फौजेतही कर्णे वाजत. पुढे ग्रामोफोनच्या पितळी तोंडाला हेच नाव मिळाले, मग लाऊडस्पीकरला.

नाव चपखल बसले, कारण युक्ती तीच. हळूहळू रुंदावणारी नळी छोट्या पडद्याचे कंपन हवेत फारसे वाया न घालवता सोडते. थोड्या वॅटमध्ये आवाज शिवारापलीकडे जातो, पण खर्ज गळतो. मिक्सरवर बेसचे बटण कितीही पिळा, ढोलकी टिनाच्या डब्यासारखीच वाजणार. साऊंडच्या धंद्यात उतरणाऱ्या पोरांनो, घोषणेपुरता कर्णा ठेवा, गाणी बॉक्सवर लावा. आणि एरवी रात्री १० ते सकाळी ६ दोन्ही बंद. २००० सालचा नियमच आहे.