काळजाचा प्रतिध्वनी

कर्करोगाच्या रुग्णाच्या फायलीत अनेकदा एक कागद असतो, 'टू-डी एको'चा. रोग स्तनात किंवा रक्तात. मग तपासणी हृदयाची कशाला, असा प्रश्न घरच्यांना पडतो. मी वैद्यकाचा माणूस नाही, कविता लिहिणारा आहे. पण आमच्या आपांच्या आजारपणात हा प्रश्न आमच्याही घरी आला आणि उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो.

स्वीडनमधील लुंड इथे डॉ. इंगे एडलर हृदयरोग्यांवर उपचार करीत. छाती न उघडता झडपेची अवस्था कशी कळावी, ही त्यांची अडचण होती. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांना ठाऊक होते, की जहाजबांधणीत धातूमधल्या भेगा श्राव्यातीत ध्वनीने शोधतात. माल्मोच्या गोदीत जाऊन त्यांनी ते यंत्र स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. पुढे तसेच एक यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी फिल्मवर उमटले. त्या नुसत्या रेषा होत्या. त्यांतली एक रेषा आधी डाव्या कर्णिकेच्या भिंतीची वाटली. ती मायट्रल झडपेची आहे, हे शवविच्छेदनाशी ताडून पाहिल्यावर कळले. म्हणजे यंत्राबरोबरच अर्थ लावण्याचा प्रश्नही जन्मला.

त्याच दशकात इटलीत कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. तो लाल द्रव्य तयार करी. त्यातून कर्करोगावरची औषधे निघाली. त्यांतल्या एकाला एड्रियाटिक समुद्रावरून 'एड्रियामायसिन' हे नाव मिळाले. सलाइनमधून जाणारे ते लाल औषध आजही वापरात आहे. त्याने असंख्य जीव वाचवले, पण काहींचे हृदय थकवलेही. १९७९ साली सुमारे चार हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. शंभरात दोघांहून किंचित अधिक रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागले होते आणि एकूण मात्रा साचत जाईल तसा धोका वाढत होता. १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅब आले. त्यातही हृदयावर नजर ठेवावी लागते. गोदीतले यंत्र आणि मातीतले औषध यांची गाठ पडली ती अशी.

आपांचा पहिला आकडा होता ६२, पुढचा ५६. भाचा घाबरला. "मामू, सहा टक्के हृदय गेलं, औषध बंद करू या," म्हणाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, तो हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो, साठीच्या आसपास असतो. एकच हृदय दोघांनी मोजले, तरी पाच-सहाचा फरक पडू शकतो. ताप, रक्तक्षय, सलाइनचे पाणी यांनीही तो हलतो. दहा किंवा अधिक अंकांची घट होऊन आकडा पन्नासच्या खाली गेला, तर ती गंभीर बाब. तीही बहुधा पुन्हा मोजून पक्की करतात. आता 'स्ट्रेन' नावाचे मापही घेतात. हृदयाचा स्नायू किती आखडतो, हे त्यातून कळते. रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या मापापेक्षा ते पंधरा टक्क्यांहून अधिक घसरले, तर आकडा चांगला असतानाही सावध होता येते.

आपांचे औषध थांबले नाही. घाबरून ते थांबवणे म्हणजे रोगाला मोकळे रान देणे. हा निर्णय कर्करोगाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

गझलेतला शेर सुटा वाचता येतो, एकोचा आकडा मात्र तसा वाचता येत नाही. तो मागच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. म्हणून उपचारापूर्वीचा पहिला कागद जपून ठेवा, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने तपासणी करा आणि प्रत्येक वेळी जुने रिपोर्ट बरोबर न्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)