तालमूडची बी.ए. : वोलोझिन ते बाल्टिमोर

अमेरिकेत तालमूडच्या कायद्यात बॅचलर डिग्री मिळते, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "ही खरी डिग्री आहे का?" इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रश्न थोडा फिरवून विचारावा. शतकानुशतकं ज्या अभ्यासाला डिग्री लागली नाही, त्याला ती का लागली?

तालमूड म्हणजे इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना आणि तिच्यावर पुढच्या काही शतकांत झालेला वादविवाद, म्हणजे गेमारा. भाषा हिब्रू आणि अरामी. पान उघडलं की मध्ये मूळ मजकूर, एका कडेला अकराव्या शतकातल्या राशीची टीका, दुसऱ्या कडेला तोसाफोत. सटीक पोथ्या हाताळलेल्यांना हे पान फार परकं वाटणार नाही. येशिवामध्ये, म्हणजे या अभ्यासाच्या पाठशाळेत, दोघं समोरासमोर बसून मोठ्याने वाचतात आणि भांडतात. हो, भांडतातच. तीच अभ्यासाची पद्धत.

एकोणिसाव्या शतकातली सगळ्यात नावाजलेली येशिवा वोलोझिनची, आजच्या बेलारूसमधली. तिथे बरेच जण रब्बी होण्यासाठी नाही, तर केवळ शिकण्यासाठी येत. रशियन सरकारने १८९१च्या अखेरीस नियम काढले: शिक्षकांकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्रं हवीत, सकाळी ९ ते दुपारी ३ फक्त लौकिक विषय शिकवायचे, रात्रीचे वर्ग बंद. १८९२ मध्ये येशिवा बंद पडली. प्रमुख रब्बी नफ्ताली त्झ्वी यहूदा बर्लिन पुढच्याच वर्षी वारले.

परंपरेत ही गोष्ट सरळ आहे. लौकिक शिक्षण स्वीकारण्यापेक्षा त्यांनी दार बंद केलं. पण शौल श्टाम्फर या इतिहासकाराने कागदपत्रं तपासली तेव्हा चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं. बर्लिन यांच्या मुलाला वारस नेमण्यावरून येशिवातच मोठा तंटा चालला होता, आणि सरकारचं लक्ष त्या गोंधळाकडेही होतं. मला श्टाम्फरचं म्हणणं पटतं. तरी ती सरळ गोष्ट टाकून देऊ नका, कारण पुढच्या पिढ्यांनी कॉलेजबद्दलचे निर्णय घेतले ते याच गोष्टीच्या आधारे. खोटी असो वा अर्धी खरी, आठवणीचाही परिणाम होतो आणि तोही इतिहासाचा पुरावाच असतो.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली बर्नार्ड रेव्हेल यांनी येशिवा कॉलेज सुरू केलं. सकाळी तालमूड, दुपारनंतर कॉलेजचे विषय. दोन्ही एकाच छताखाली, पण डिग्री दुसऱ्या भागाची. बाल्टिमोरच्या नेर इस्राएलची (स्थापना १९३३) वाट वेगळी. तिथे तालमूडच्याच अभ्यासावर बॅचलर ऑफ तालमूडिक लॉ मिळते. म्हणजे वोलोझिनमध्ये ज्याला सरकारी कागद नको होता, त्याच शिक्षणाला इथे सरकारमान्य कागद मिळाला, आणि अभ्यासाची पद्धत फारशी बदलावी लागली नाही! अशी डिग्री घेऊन काही विद्यार्थी लॉ स्कूललाही जातात.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मात्र याकोव नहूम एप्स्टाइन यांनी १९२५ पासून तालमूड शिकवला तो हस्तलिखितं शेजारी ठेवून. येशिवातला विद्यार्थी छापील पानातली विसंगती तर्काने सोडवू पाहतो; एप्स्टाइनचा विद्यार्थी आधी विचारतो, हा शब्द जुन्या प्रतीत आहे का? डिग्रीच्या कागदावर दोघांचाही विषय तालमूडच.