घरच्या सुतारकामातील धूळ : कमी खर्चात बंदोबस्त कसा करावा?

लाकूड कापताना, घासताना दोन प्रकारचा कचरा निघतो. जाड भुसा लगेच खाली पडतो आणि झाडूने गोळा होतो. बारीक धूळ मात्र नीट दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासावाटे फुप्फुसांपर्यंत जाते. खरा बंदोबस्त हिचाच करावा लागतो.

धोका किती?
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. नाक व त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांत आढळला. हौशी माणसाला शिंका, खोकला, दमा आणि अंगाला खाज हे त्रास होऊ शकतात. सागवानाच्या धुळीची काहींना ॲलर्जी असते.

खान्देशातला उन्हाळा
जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये पंखा किंवा कूलर लावल्याशिवाय काम होत नाही आणि त्याच वाऱ्याने खाली बसणारी धूळ पुन्हा उडते. म्हणून हवा एका बाजूने आत येऊन समोरच्या खिडकीतून बाहेर जाईल, अशी मांडणी करावी. काम करणाऱ्याने त्या झोताच्या आड येऊ नये.

बादलीचा सायक्लोन
जळगाव डाळ मिलसाठी ओळखले जाते. धान्याच्या गिरण्यांत टरफल व धूळ हवेतून वेगळी करायला शंकूच्या आकाराचा सायक्लोन वापरतात. तेच तत्त्व घरी चालते. रंगाच्या २० लिटरच्या जाड बादलीच्या झाकणावर प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन बसवायचा. एक नळी यंत्राला, दुसरी व्हॅक्यूम क्लीनरला जोडायची. हवा आत गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून बादलीत पडतो आणि व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. झाकण घट्ट हवे. हवा गळली तर भुसा थेट फिल्टरकडे जातो. पातळ बादली ओढीने आत चेपते.

मात्र सगळ्यात बारीक धूळ सायक्लोनमधून निसटते. तिच्यासाठी व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवा; साध्या कापडी पिशवीतून ती परत खोलीत येते. ही जोडणी सँडर, राऊटर, जिगसॉ यांना पुरते. टेबल सॉ आणि रंधा मशीनला ४ इंची पाइपचा मोठा डस्ट कलेक्टर लागतो.

हे टाळा
लोखंड घासलेल्या ग्राइंडरला हीच नळी लावू नये. ठिणगीने भुसा पेट घेतो. ब्लोअरने धूळ उडवू नये. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

आधी खर्च कशावर?
सर्वांत आधी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क. रुमाल पुरत नाही. नंतर व्हॅक्यूम व चांगला फिल्टर, मग सायक्लोन. काम थांबल्यावरही मास्क थोडा वेळ ठेवावा, कारण यंत्र बंद झाले तरी धूळ हवेतच असते.