एकच प्लॅटफॉर्म, अनेक गाड्या: कॉम्पॅक्ट कारचे सस्पेन्शन नेमके कुठे सारखे, कुठे वेगळे?

‘खालून सगळं तेच आहे, फक्त नाव वेगळं.’ सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात हे वाक्य हमखास ऐकू येते. एमएच, केए आणि जीए पासिंगच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, त्या बेळगाव-कोल्हापूर-गोवा पट्ट्यात तर जरा जास्तच. हे वाक्य अर्धे खरे असते. आज बाजारातल्या बहुतेक कॉम्पॅक्ट गाड्या दुसऱ्या कुठल्या तरी गाडीबरोबर प्लॅटफॉर्म वाटून घेतात. पण प्लॅटफॉर्म एक म्हणून सस्पेन्शन एक असे होत नाही. हा फरक माहीत नसेल तर गाडी घेताना आणि सुटा भाग बदलताना खिशाला झळ बसते. चुकीचा भाग बसला तर प्रश्न सुरक्षिततेचाही होतो.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

पूर्वीच्या जीपसारख्या गाड्यांना वेगळी चॅसी असायची आणि तिच्यावर बॉडी बसवली जायची. आजच्या कॉम्पॅक्ट कारमध्ये चॅसी आणि बॉडी एकत्रच वेल्ड केलेली असते. त्यामुळे प्लॅटफॉर्म म्हणजे सुटा काढता येईल असा एखादा सांगाडा नव्हे. तळाचा पत्रा, इंजिनासमोरची चौकट, इंजिन-गिअरबॉक्स बसण्याच्या जागा, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन जोडण्याच्या जागा, हे सगळे मिळून प्लॅटफॉर्म होतो. त्यावर हॅचबॅक, सेडान किंवा एसयूव्ही यांपैकी काहीही उभे करता येते.

काही मापे पक्की ठेवायची आणि काही मोकळी सोडायची, हे त्यामागचे तत्त्व. फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्ममध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ठरलेले असते. दोन चाकांमधले अंतर म्हणजे व्हीलबेस, गाडीची लांबी आणि रुंदी मात्र बदलता येते.

खर्चाचे गणित

नवीन प्लॅटफॉर्म उभा करायचा म्हणजे डिझाइन, पत्रा दाबायचे साचे, वेल्डिंगची लाइन, अपघात चाचण्या असा मोठा खर्च आधीच करावा लागतो. गाडी एक विकली काय किंवा लाख विकल्या काय, तो खर्च तेवढाच राहतो. हाच खर्च चार-पाच मॉडेलांवर वाटला की दर गाडीमागचा बोजा कमी होतो. पुरवठादारालाही एकच लोअर आर्म मोठ्या संख्येने बनवता येतो आणि त्याचा भाव खाली येतो. कॉम्पॅक्ट गाडीत नफ्याची फट बारीक असते, त्यामुळे हे गणित तिथे सर्वांत महत्त्वाचे.

भारतात यात कराची भर पडते. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. अट होती लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून ४ मीटर ही रेघ भारतीय कॉम्पॅक्ट कारची लक्ष्मणरेषा झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांतही ती कायम आहे. रेघेच्या आतल्या छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के.

पुढची चाके: मॅकफर्सन स्ट्रट

जवळजवळ प्रत्येक कॉम्पॅक्ट कारच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकी इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सुल आणि झेफिर या गाड्यांमधून रुळली.

यात स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात. खांबाचे वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला जोडलेले असते. खालचे टोक चाकाच्या नकलला घट्ट बोल्ट केलेले असते आणि त्या नकलला खालून लोअर आर्म धरून ठेवतो. वरचा वेगळा आर्म लागत नाही, म्हणून जागा वाचते आणि आडवे इंजिन बसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीला नेमके हेच हवे असते.

मर्यादाही आहेत. वळणावर गाडी कलली की टायर रस्त्यावर सपाट ठेवणे या रचनेला फारसे जमत नाही. खड्ड्याचा धक्का थेट वरच्या माउंटिंगपर्यंत जातो. पुढून येणाऱ्या ‘खट-खट’ आवाजाचे मूळ बहुतेक वेळा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा या वरच्या माउंटिंगमध्ये सापडते.

मागची चाके: ट्विस्ट बीम

मागच्या बाजूला कॉम्पॅक्ट गाड्यांत ट्विस्ट बीम किंवा टॉर्शन बीम असतो. फोक्सवॅगन गोल्फने १९७४ मध्ये ही रचना घराघरांत पोहोचवली. दोन्ही चाकांचे दोन आर्म आणि त्यांना जोडणारी एक आडवी तुळई, एवढाच हा मामला. तुळई पूर्ण बंद नळीसारखी नसते, तिचा छेद यू किंवा व्ही अक्षरासारखा असतो. त्यामुळे ती वाकत नाही, पण पिळली जाते. एक चाक खड्ड्यात गेले की तुळई पीळ खाते आणि दुसऱ्या चाकाला काही प्रमाणात मोकळे सोडते. हाच पीळ वळणावर गाडीचे कलणेही आवरतो.

वजन कमी, भाग कमी, खर्च कमी आणि डिकीखाली जागा भरपूर. तोटा असा की दोन्ही चाके पूर्णपणे स्वतंत्र नसतात. तुटक-तुटक खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसलेल्यांना हे जाणवते. महागड्या गाड्यांतले मल्टी-लिंक सस्पेन्शन इथे सरस ठरते, कारण त्यात प्रत्येक चाकाला स्वतःचे वेगळे आर्म असतात.

एकच मूळ, पण मागे वेगळी रचना

प्लॅटफॉर्म सारखा आणि सस्पेन्शन वेगळे, याचे जुने आणि ओळखीचे उदाहरण पुण्याचेच आहे. टाटा इंडिका १९९८ मध्ये आली. तिच्या मागच्या चाकांना सेमी-ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग होते. तिच्यावरूनच २००२ मध्ये इंडिगो ही सेडान तयार झाली. व्हीलबेस २४०० मिमीवरून २४५० मिमी झाला आणि मागे थ्री-लिंक मॅकफर्सन स्ट्रट आला, जोडीला अँटी-रोल बार. म्हणजे पुढून बहिणी दिसणाऱ्या या दोन गाड्या मागच्या चाकांच्या बाबतीत वेगळ्याच होत्या.

दुसरे उदाहरण रेनो समूहाच्या बी-झीरो प्लॅटफॉर्मचे. याच प्लॅटफॉर्मवरची लोगान महिंद्राच्या भागीदारीत २००७ पासून नाशिकमध्ये तयार व्हायची, पुढे तीच व्हेरिटो झाली. त्याच मुळाची डस्टर २०१२ मध्ये भारतात आली. साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम होता. २०१४ मध्ये आलेल्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या डस्टरला मात्र मागे स्वतंत्र मल्टी-लिंक सस्पेन्शन मिळाले. बाहेरून पाहिले तर गाडी तीच. फरक तळाशी होता आणि डिकीतही, कारण स्टेपनी आत घ्यावी लागली आणि डिकीची जागा ४७५ लिटरवरून ४१० लिटरवर आली. आज जुनी डस्टर घेणाऱ्याने ‘कुठली डस्टर?’ हे आधी विचारायला हवे ते यासाठीच.

चाकणच्या पाच गाड्या

सध्याचे सर्वांत ठळक उदाहरण चाकणमध्ये आहे. फोक्सवॅगन समूहाने २०१८ मध्ये भारतासाठी १ अब्ज युरोची योजना जाहीर केली आणि एमक्यूबी ए-झीरो-इन हा इथल्यासाठीचा प्लॅटफॉर्म बनवला. त्यावर २०२१ मध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून, २०२२ मध्ये स्लाविया आणि व्हर्टस, आणि त्यानंतर कायलॅक आली.

पहिल्या चारही गाड्यांचा व्हीलबेस २६५१ मिमी आहे. पाचहींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम. तरी कुशाक आणि टायगूनचा ग्राउंड क्लिअरन्स १८८ मिमी, तर स्लाविया आणि व्हर्टसचा १७९ मिमी आहे. हे आकडे रिकाम्या गाडीचे, पाच माणसे आणि सामान भरले की गाडी खाली बसते. उंच एसयूव्हीचा गुरुत्वमध्य वर असल्याने वळणावर तिचे कलणे आवरावे लागते. सेडानला तेवढा बंदोबस्त लागत नाही. म्हणून स्प्रिंगचा ताठपणा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची व्हॉल्व्ह, अँटी-रोल बारची जाडी आणि टायरचे माप प्रत्येक गाडीसाठी वेगळे ठरवता येते. प्लॅटफॉर्म जागा ठरवतो, चाल हे भाग ठरवतात.

कायलॅकची गोष्ट कराशी जोडलेली आहे. लांबी ३९९५ मिमी, म्हणजे रेघेच्या फक्त ५ मिमी आत. त्यासाठी व्हीलबेसही २५६६ मिमीपर्यंत कमी केला. कुशाकमध्ये मिळणारेच १ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असूनही कायलॅकला १८ टक्के जीएसटी लागतो आणि कुशाकला ४० टक्के.

नाव बदलले तरी गाडी तीच, असेही प्रकार आहेत. मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा, किंवा फ्रॉन्क्स आणि टायसर या जोड्या तशा आहेत. पण बलेनो आणि फ्रॉन्क्स या एकाच प्लॅटफॉर्मच्या, २५२० मिमी अशाच व्हीलबेसच्या गाड्या असूनही बलेनोचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आणि फ्रॉन्क्सचा १९० मिमी आहे.

दोषही वाटला जातो

सामायिक भागाचा फायदा सगळ्यांना मिळतो, तसा दोषही सगळ्यांच्या वाट्याला येतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरच्या तपासणीसाठी बलेनोसह काही मॉडेलांच्या १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. पाठोपाठ टोयोटानेही ग्लान्झा आणि हायरायडर बोलावल्या. त्यामुळे आपल्या गाडीच्या बहिणीसाठी रिकॉल निघाला तर आपल्याही गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.

घेताना आणि दुरुस्ती करताना

सुटा भाग ‘त्याच प्लॅटफॉर्मचा आहे’ म्हणून घेऊ नये, पार्ट नंबर जुळवावा. लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट यांसारखे भाग अनेकदा बहिणी-बहिणींत सारखे निघतात, आणि दोन कंपन्यांच्या काउंटरवर त्यांची किंमत वेगळी असू शकते. तिथे चौकशी केली तर पैसे वाचतात. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र सारखे दिसले तरी गाडीच्या वजनाप्रमाणे बदलतात, कधी पेट्रोल आणि डिझेल मॉडेलमध्येही. ते दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकच बदलला तर ब्रेक मारताना आणि वळणावर दोन बाजू वेगळ्या वागतात.

गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी तुकडे घालायची टूम आहे. त्याने लोअर आर्म आणि ड्राइव्हशाफ्टचे कोन बदलतात, टायर एका बाजूने झिजतात. सेकंडहँड गाडीत असे तुकडे दिसले तर अलाइनमेंटचा रिपोर्ट मागावा.

ट्रायलही रिकाम्या सपाट रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. मागे तीन माणसे बसवून, थोड्या खराब रस्त्यावर आणि शक्य असेल तर चोर्ल्यासारख्या घाटाच्या वळणांवर गाडी चालवून पाहावी. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठीक आहेत. ती झुलतच राहिली तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.