भिंतीवरचा कायदा



कादंबरी म्हटली की आपली पोरं नाक मुरडतात. मोर्चा सोडून गोष्टी काऊन वाचायच्या, म्हणतात. पण हुकूमशाही पहिला हात शब्दांवर टाकते, आणि शब्दांची चोरी कशी होते ते कादंबरीत जसं दिसतं तसं भाषणात दिसत नाही. म्हणून हा थोडका इतिहास.

१९४५ साली लंडनात 'ॲनिमल फार्म' निघाली. लेखक जॉर्ज ऑर्वेल. जन्म १९०३ चा, बिहारातल्या मोतीहारीचा. बाप इंग्रजांच्या अफूखात्यात नोकर. युद्धात तो बीबीसीवर हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचा. तिथं त्याच्या सोबतीला एक मराठी बाई होती, वेणू चितळे. पुस्तक स्टालिनच्या राज्यावर. पण तेव्हा रशिया इंग्लंडचा दोस्त, म्हणून एकामागून एक प्रकाशकांनी ते परत केलं.

त्यानं सोंग घेतलं जनावरांच्या गोष्टीचं. माणूस मालकाला हाकलून जनावरं राज्य घेतात, आणि मग ते डुकरांच्या हाती जातं. भिंतीवर सात कायदे लिहिलेले. रात्रीतून कुणीतरी एखाद्या कायद्याला दोन शब्द जोडतं. जनावरांना वाटतं, आपलीच आठवण कच्ची. वाचणाऱ्याला मात्र जुना कायदा आठवतो. लेखक डुकरांना एक शिवी देत नाही, तो आपल्यालाच साक्षीदार करून उभं करतो. हे त्याचं तंत्र.

बहुतेक जनावरांना वाचता येत नाही. बेंजामिन गाढवाला येतं, पण ते बोलत नाही. बॉक्सर घोडा राबून राबून पडतो. दवाखान्यात नेतो म्हणून डुकरं त्याला खाटकाला विकतात, त्या पैशाची दारू पितात. गाडीवरची अक्षरं गाढव तेव्हा कुठं वाचून दाखवतं. गाडी तर निघाली असते. बॉक्सर कोण, हे गिरणीत राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. बेंजामिन कोण, हे कॉलेजात गेलेल्यांनी स्वतःला विचारावं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते भिंत वाचण्यासाठी, आणि वाचलेलं चार लोकांत मोठ्यानं सांगण्यासाठी.

८ जून १९४९ ला त्याचीच '१९८४' आली. तिथं सरकार शब्दकोश लहान लहान करत जातं. बंडाला शब्दच उरला नाही, तर बंड मनात तरी कसं येईल? गोऱ्यांना ही कल्पना भयानक वाटली. आपल्याला ती जुनी आहे. शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं, हे मनुस्मृतीत लिहून ठेवलंय. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळाली ती उगाच नाही.

मग २५ जून १९७५. रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलं, माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली. आणि इथून जवळच, पवनारच्या आश्रमातून विनोबांचा एक शब्द निघाला, 'अनुशासन पर्व'. त्यांच्या मनात काहीही असो, सरकारनं तो उचलला आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवला. तुरुंगाला शिस्त म्हणायचं. ऑर्वेलची भिंत वर्धा-नागपूरला येऊन पोचली. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून याविरुद्ध बोलल्या. पुढं त्यांनाही तुरुंग दिसला.

मराठी कादंबरीत दुसरं सोंग विलास सारंगांनी घेतलं, १९८३ च्या 'एन्कीच्या राज्यात'मध्ये. सारंग बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवत होते. एन्की हा तिथल्या प्राचीन सुमेर लोकांचा देव. राज्य बाथ पक्षाचं, नाव जुन्या देवाचं, आणि बघणारा परका मराठी माणूस. मुलूख लांबचा असला की वाचणारा बेसावध वाचतो, आणि वाचता वाचता त्याला आपलं गाव दिसू लागतं.

आणि आपलं घर? १९७२ ला पँथर उभी राहिली. १९७६ ला तिचा सर्वांत मोठा कवी, नामदेव ढसाळ, यांनी इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. ढसाळांनी आपल्या तोंडात भाषा दिली, ते ऋण फिटणारं नाही. पण हेही आपल्याच इतिहासात लिहावं लागेल. दुसऱ्यांची भिंत वाचायची आणि आपल्या भिंतीपुढं डोळे मिटायचे, हे चालणार नाही.

'१९८४' आली त्याच वर्षी, साडेपाच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीत बोलले. धर्मात भक्तीनं आत्म्याला मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, हे त्यांनी बजावलं. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका, म्हणाले. हे आपल्या पुढाऱ्यांनाही लागू आहे. हार घालताना आपण ते विसरतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या मंडळाची नियमावली काढा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कुठल्या कलमाला दोन शब्द जोडलेत, कुणी जोडले, कधी जोडले, विचारा. पुढारी रागावला तर रागावू द्या.

जय भीम.